बाप असलेलं डोकं

माझ्या वडिलांच्या डोक्यावर केस नव्हते आणि दुसऱ्यांच्या केसांबद्दल त्यांच्याइतकी मतं अख्ख्या आष्ट्यात कुणाला नव्हती. आबा मिलिटरीतून हवालदार होऊन परतले, तेव्हाच कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत पोचलं होतं. राहिलेली कडेची झालर ते दर पंधरवड्याला मशीन मारून घ्यायचे आणि वर टोपी ठेवायचे. पण कारभार सगळ्या जगाच्या डोक्यांचा.

आमचं गाव आष्ट्यापासून जवळ, कृष्णेच्या काठाला. आई गेल्यावर आबांना घर खायला उठायचं. सकाळच्या एसटीनं ते आष्ट्याला जायचे आणि स्टँडजवळच्या एका सलूनसमोर कट्टा होता, तिथं बसायचे. जोडीला त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त, तात्या. तात्यांचं घर तिथंच मागच्या गल्लीत. सलूनमध्ये शिरणारा प्रत्येक पोरगा या दोघांच्या नजरेखालून जायचा आणि बाहेर येणारा तर त्यांच्या तोंडातूनच.

मी लग्न होऊन सांगलीत राहते. माहेरी जाताना आष्ट्यात उतरले की आधी कट्ट्यावर थांबायचे, कारण आबा तिथंच सापडायचे. कानांच्या वर भादरलेलं आणि टाळूवर वाढवलेलं दिसलं की आबा म्हणायचे, "वरचं रान पिकलंय, बांध तेवढा जळालाय." कुणी बाजूला वस्तऱ्यानं रेघा मारून घेतल्या असतील तर ती नांगरट. केस लाल केलेला पोरगा म्हणजे पिकावर पडतो तसा तांबेरा पडलेला. एकानं मागं गाठ मारली होती, त्याला तात्यांनी हाक मारून विचारलं, "आंबाड्यावर गजरा कवा माळणार गं बाई?" पोरं हसायची, "आवं तात्या, फॅशन हाय," म्हणून गाडीला किक मारायची. दोघांना कुणी मनावर घ्यायचं नाही. ते त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून आवाज आणखी चढायचा.

एका गोष्टीला मात्र आबा हसायचे नाहीत. पूर्ण गोटा केलेलं डोकं दिसलं की ते टोपी सारखी करून उभे राहायचे. आमच्याकडे तुळतुळीत डोकं म्हणजे घरात कोणीतरी गेलं. बाप गेला, आई गेली, भावकीतलं कोणी गेलं. वाटेत असा माणूस दिसला तर ओळख असो नसो, थांबून विचारायचं, "कोण गेलं?" मग दोन शब्द बोलायचे आणि पुढं जायचं. आबा म्हणायचे, "बाप असलेलं डोकं आन् बाप नसलेलं डोकं लांबनं कळतं. मानसाला सांगायला लागत न्हाई."

एकदा असाच एक पोरगा गोटा करून सलूनमधून बाहेर आला. आबा उठले. "कोण गेलं रं?"

"कुठं?"

"घरातलं."

"कोन न्हाई आबा. स्टाईल हाय."

त्या दिवशी आबा जेवले नाहीत. "बाप जित्ता असताना टक्कल करतंय," एवढंच दिवसभर बोलत होते. तात्यांनी तर त्याहून पुढची मजल मारली. बाजारात ओळखीच्या घरातला एक पोरगा बिनकेसाचा दिसला, तर त्याला काही न विचारता हे संध्याकाळी स्वच्छ धोतर नेसून थेट त्याच्या घरी गेले. पडलेल्या चेहऱ्यानं सोप्यात बसले. आतून पाण्याचा तांब्या घेऊन त्या पोराचा बापच बाहेर आला. तात्यांना घाम फुटला. हा किस्सा पुढं कित्येक महिने सलूनमध्ये पुरला. आबा कधीतरी मुद्दाम विचारायचे, "तात्या, आज कुनाच्या घरी पानी प्यायला जायाचं?"

आता माझ्या भावाचं सांगते. तो माझ्याहून बराच लहान, आमची ऊसशेती बघणारा, कष्टाळू आणि अबोल. आई गेली तेव्हा त्यानं दहाव्याला डोकं केलं, पूर्ण गोटा. ते केस परत आले ते नावालाच. पुढून विरळ, मधे चंद्र. आबांचाच वारसा, दुसरं काय. पण त्याच्या मनानं घेतलं की आईच्या दहाव्याला वस्तरा फिरला आणि तिथंच घात झाला. मी म्हटलं, "अरे, आबांकडं बघ जरा." तर म्हणाला, "आबांचं लग्न झाल्यावर गेलं गं. माजं आदीच गेलं."

यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं आमच्या भागात किती अवघड झालंय हे सांगायला नको. घर चांगलं, पाण्याखालचं रान, पोरगं निर्व्यसनी, आणि तरी नाही. त्यात टक्कल. एका ठिकाणाहून निरोप आला, मुलगा पोक्त दिसतो. दुसरीकडून तेवढंही कळवलं नाही. भाऊ घरातही टोपी घालून बसायला लागला, आणि एक दिवस कुणाला न सांगता पुण्याला जाऊन डॉक्टरकडून डोक्यावर केस लावून आला.

आला तेव्हा मी माहेरीच होते. डोक्याला पट्टी, खाली लाल ठिपक्यांच्या ओळी. आबांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. आमच्याकडे ऊस लावण्याला लागण म्हणतात. आबा म्हणाले, "रानातली लागण सोडून डोक्यावर लागण केलीस व्हय रं?"

भाऊ पट्टी सारखी करायला लागला.

"किती फुटी सरी सोडलीया?"

मला हसू आवरेना. भाऊही हसला, बऱ्याच दिवसांनी. मग आबांनी सरळ आवाजात विचारलं, "ह्येचा खोडवा येतोय का?" ऊस तोडल्यावर राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हा जे पीक येतं तो खोडवा. भाऊ म्हणाला, "डॉक्टर म्हनले, वरीसभर वस्तरा लावायचा न्हाई. लावला तर सांगता येत न्हाई." आबांनी मान हलवली. त्यांनी खोडव्याचं का विचारलं हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

पावसाळ्याच्या शेवटी भावाच्या डोक्यावर खरोखरच केस उगवले. आधी मऊ, मग काळेभोर. तासगावकडचं एक स्थळ आलं. मुलीला फोटो पसंत पडला. दिवाळीनंतर बघायला येतो म्हणाले. भाऊ आरशासमोर उभा राहायचा आणि मी दारातून बघितलं की उगाच कंगवा शोधतोय असं दाखवायचा. त्याचा सगळा आनंद एवढ्याशा केसांवर येऊन ठेपला होता, ते मला बघवत नव्हतं.

दिवाळीआधीच आबांना झटका आला. सांगलीच्या दवाखान्यात आणलं. डावी बाजू गेली, बोलणं मात्र शाबूत होतं, आणि ते आबांच्या बाबतीत साहजिकच होतं. वॉर्डबॉयच्या केसांवर त्यांनी पहिल्याच दिवशी शेरा मारला. एका दुपारी भाऊ त्यांना चमच्यानं पेज भरवत होता. आबांनी उजवा हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. बोटं केसांतून फिरवली. "फुटवा बरा हाय," म्हणाले.

भाऊ औषधं आणायला खाली गेला तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "काय गं, माज्या वक्ताला डोकं करंल न्हवं त्यो?"

मी म्हटलं, "आबा, असलं काही बोलू नका. घरी जायचंय आपल्याला."

"जायाचं तर हायच," आबा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी ते गेले.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर भावकी जमली. आम्ही बायका वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. खाली पुरुषांची रांग, एकेक डोकं उघडं पडत होतं. कॉलेजात जाणाऱ्या चुलतभावांनी, ज्यांच्या केसांवरून आबांनी त्यांना जन्मभर छळलं होतं, त्यांनीही खाली मान घालून केस दिले. आबांनी हे बघायला हवं होतं. मग माझा भाऊ बसला. वस्तरा कपाळाजवळ आला आणि त्यानं हात वर केला.

"दाढी-मिशी काढा," तो म्हणाला. "डोक्याला नुसती कात्री लावा."

आमचे थोरले चुलते म्हणाले, "काय रं, बापाला केस जड झालं व्हय?"

भावानं वर पाहिलं नाही. कात्रीनं मागची एक बट कापली, ती त्यानं स्वतःच्या हातानं पाण्यात सोडली. मला त्याचा संताप आला. आणि त्याच क्षणी चुलत्यांचाही आला, कारण त्यांच्या तिन्ही पोरांची लग्नं होऊन सुना घरात आल्या होत्या. कुणाची बाजू घ्यावी ते आजही मला ठरवता आलेलं नाही.

तात्या त्या दिवशी आले नव्हते. त्यांचं डोकं हल्ली चालत नव्हतं. सकाळचं संध्याकाळी आठवायचं नाही. आबा गेल्याचं त्यांना घरच्यांनी सांगितलं, ते रडले, आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर येऊन आबांसाठी जागा धरून बसले.

तासगावची माणसं आली नाहीत. मध्यस्थ म्हणाला, मुलीचा आजा दहाव्याला घाटावर आला होता. त्यानं घरी जाऊन एवढंच सांगितलं, ज्यानं बापाला केस दिलं न्हाईत, त्यो आपल्या पोरीला काय देनार? मुलीला केस हवे होते, आज्याला डोकं. आमच्याकडे अजून आज्याचंच चालतं. भावानं ऐकून घेतलं आणि मोटार चालू करायला रानात गेला. केस मात्र दिवसेंदिवस दाट होत राहिले. एवढे सुंदर केस आमच्या घराण्यात कुणाला नव्हते.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी माहेरी आले. सामानासाठी आम्ही दोघं आष्ट्याला निघालो. गाडीवर तो मागं न बघता म्हणाला, "ताई, वरीस झालं. आता वस्तरा चालतोय म्हनले डॉक्टर. आज डोकं करतो. राहिलंय ते देऊन टाकतो."

"नाही आले परत तर?" मी विचारलं.

"न्हाई तर न्हाई."

इतका मोकळा आवाज मी त्याचा वर्षभरात ऐकला नव्हता. मला रडू आलं, बरं वाटून.

सलूनसमोर कट्ट्यावर तात्या एकटेच बसले होते. पार वाळलेले. शेजारी आबांच्या जागेवर त्यांनी आपली काठी आडवी ठेवली होती. आम्हाला बघून ते उठायला लागले. भावाच्या डोक्याकडे बघत राहिले, मग दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि लहान पोरासारखे हसले.

"बरं झालं आलास गड्या. लोकं कायबी बोलत्यात. परवा घरात म्हनाय लागली, आबा गेला. मी म्हनलं, काय येडीबिडी झालासा काय? त्येच्या पोराचं डोकं बघिटलंय मी. बाप गेला असता तर आसं डोकं आसतंय व्हय?"

मी तोंड उघडलं होतं. भावानं माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं.

"व्हय की, तात्या," तो म्हणाला.

"मग येत का न्हाई त्यो कट्ट्यावर?"

"गुडघं दुकत्यात."

"सांग त्येला, जागा धरलीया म्हनावं."

"सांगतो."

भाऊ सलूनमध्ये गेला आणि खुर्चीवर बसला. मी तात्यांजवळ उभी राहिले. त्यांनी काठी उचलली नाही, म्हणून बसता आलं नाही. काचेतून आतलं दिसत होतं. सलूनवाल्यानं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, वस्तऱ्यात नवीन पातं घातलं आणि पाण्याचा फवारा हातात घेतला. भाऊ आरशात बघत होता. त्या आरशात त्याला स्वतःचं डोकं दिसत असणार, आणि मागे काचेबाहेर कट्ट्यावरचे तात्याही. मग त्यानं सलूनवाल्याचा फवारा धरलेला हात बाजूला केला. आतलं बोलणं उघड्या दारातून ऐकू आलं.

"दाढी कर नुसती. डोकं ऱ्हाऊ दे."

तात्यांनी माझ्या हाताला ढोसलं. डोळे बारीक करून ते आत बघत होते, पूर्वी आबांबरोबर बघायचे तसे.

"पोरगं गुनाचं हाय," ते म्हणाले, "पर केस लय वाढीवल्यात. कमी करायला सांग बाई त्येला. आबा बघंल तर बिनपान्यानं करंल त्येची."