भरतीच्या आधी

वडिलांचा पेसमेकर तपासायला पिंपरीच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा तो शेजारी बसला होता. चाकणजवळच्या गावचा, पन्नाशीचा. त्यालाही पेसमेकर होता. कंपनीतलं कंत्राट संपलं आणि नोकरीबरोबर विमाही गेला होता.

जिना टाळतो, हळू बोलतो, असं त्यानं सांगितलं; तेवढीच पेसमेकरची बॅटरी पुरेल असं त्याला वाटत होतं.

तपासणी करून तो घामेजून बाहेर आला. "बॅटरी दिवाळीआधी बदला म्हणत्यात. विमा देणाऱ्या कंपनीत काम हुडकतो." मग अगदी जवळ सरकून त्यानं विचारलं, "भाऊ, कामावर भरतीच्या येळी छाती तपासत्यात का?"

"तपासतात," मी म्हणालो.

तो उभा राहिला. शर्ट नीट ओढून म्हणाला, "बघा बरं, भाईरून दिसतंय का?"

डाव्या खांद्याखालचा पेसमेकरचा उंचवटा मला स्पष्ट दिसत होता.