कसायाच्या कोटातला डॉक्टर

नॉर्बर्ट झेलनिक ब्रुकलिनमध्ये गालिचे विकायचा. तरुणपणापासून त्याला एकच खूळ, पडद्यावर दिसायचं. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या, सिनेगॉगच्या, हौशी नाटकांतले सगळे राजे त्याने केले आणि पहिल्या रांगेत बसून बायकोने, पर्लने, टाळ्या पिटल्या. सिनेमाने मात्र त्याला पन्नाशी उलटेपर्यंत विचारलं नाही. विचारलं तेव्हा सिनेमा निघाला हा असला.

असला म्हणजे नागडा. उगाच आडपडदा कशाला? साल सत्तर. काय दाखवलेलं चालतं, हे तेव्हा वकिलांनाही धड ठाऊक नव्हतं. म्हणून निर्मात्यांनी युक्ती काढली होती. मधूनमधून पांढऱ्या कोटातला डॉक्टर आणायचा, त्याने विवाहसौख्यावर चार शब्द बोलायचे, की झाला सिनेमा शैक्षणिक! नॉर्बर्टला तो डॉक्टर व्हायचं होतं.

"कपडे घालून ना?" पर्लने विचारलं.

"टायसकट!"

"मग लाल कशाला होतोस? कर हवं तर. मी बघायला येणार नाही, सांगून ठेवते."

नॉर्बर्टचं तोंड उतरलं. पर्ल बघणार नसेल, तर पडद्यावर दिसून करायचंय काय?

कोट कोपऱ्यावरच्या कसायाकडून उसना आणला. चडफडत का होईना, पर्लनेच तो धुऊन त्याला कडक इस्त्री केली. उजव्या बाहीवरचा रक्ताचा डाग काही निघेना.

"हा हात टेबलाखाली ठेव," ती म्हणाली. "डॉक्टर आहेस, खाटीक नव्हेस."

नॉर्बर्टने वाचनालयातली पुस्तकं वाचून भलंमोठं भाषण तयार केलं. दिग्दर्शक लेनीने कपाळाला हात लावला. "झेलनिकसाहेब, फिल्म महाग आहे. एकदाच घेणार. आणि लोक काही तुमच्यासाठी येत नाहीत हो!"

"बघाच तुम्ही," नॉर्बर्ट म्हणाला आणि असा रंगला, की हात कुठे ठेवायचा ते पार विसरला.

सिनेमा लागला. नॉर्बर्ट दुपारच्या खेळाला एकटाच जाऊन मागे बसला. पुढे ओव्हरकोटातले पुरुष, एकेक खुर्ची सोडून. पडद्यावर डॉक्टर आला मात्र, सगळे सिगरेट ओढायला उठले! नॉर्बर्ट खुर्चीत खाली खाली सरकला.

तेवढ्यात अंधारातून आवाज कडाडला. "बसा खाली! माणूस बोलतोय, दिसत नाही?"

दचकून सगळे बसले. पडद्यावरच्या डॉक्टरने आवेशात उजवा हात उंचावला.

"नॉर्बी! हात खाली!"

नॉर्बर्ट धडपडत पुढे गेला. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर पर्स. पर्लच ती!

"चल, घरी जाऊ," तो कुजबुजला.

"गप बस. तू परत येतोस ना अजून?"

डॉक्टर आणखी तीनदा आला. तिन्ही वेळा पर्लने टाळ्या पिटल्या. मधल्या प्रसंगांना आपण डोळे घट्ट मिटले होते, असं ती आजही सांगते. सिनेमाची गोष्ट मात्र तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे.