दुरुस्तीचं दार

"सिस्टिमनं केलं," असं ऑफिसात कुणी म्हटलं की विद्याताई लेले खुर्ची गर्रकन वळवायच्या आणि विचारायच्या, "सिस्टिमचं आडनाव काय?" नवा माणूस असेल तर तो हसायचा. त्या हसत नसत. "कुणीतरी लिहिलं म्हणून तिनं केलं ना? मग त्याचं नाव सांगा. मी लिहिलं असेल तर माझं सांगा." आणि चूक दुसऱ्याची असली तरी दुरुस्तीला बहुतेकदा त्याच बसायच्या. तोंडानं बनारसी शिव्या चालूच.

मी अकोल्याहून वाराणसीला या कंपनीत चाचणीच्या कामासाठी आलो. रथयात्रा चौकाजवळ, एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. एकदा आईशी फोनवर बोलत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो वानखेडे, तुम्ही मराठी? मग माझ्याशी ती टूटीफूटी हिंदी कशाला बोलून राहिलात? किती तकलीफ झाली मला!" त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांचं काशीकर. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत त्या आणि त्यांची म्हातारी आई राहायच्या. वडील वेदपाठशाळेत शिकवायचे. लेक सर्व्हर चालवायला शिकली. एकदा पुण्याला लग्नाला गेल्या, तर तिथल्या नातेवाइकांनी कौतुक केलं, "तुम्ही मराठी छान बोलता हं!" ते कौतुक त्यांना कायमचं लागलं होतं. "काशीत आम्ही दक्षिणी, पुण्यात आम्ही यूपीवाले," त्या म्हणायच्या. "गल्लीतले सांड तेवढे आम्हाला आपलं समजतात." गल्लीत आडवा उभा असलेला सांड त्या चक्क मराठीत बाजूला करायच्या. "सरक बाबा, उशीर होतोय." आणि तो सरकायचा.

आमचं काम हातमागाच्या बनारसी साड्यांचं. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून खपवली जाते, हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून प्रत्येक खऱ्या साडीची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामायिक वहीत, करायची, आणि ती विणणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून, त्याच्या सहीनं. एकदा झालेली नोंद कुणाला खोडता येत नाही. गिऱ्हाइकानं साडीवरच्या चिठ्ठीला मोबाइल दाखवला की कारागिराचं नाव आणि गाव दिसणार. अडचण एकच होती. असं खातं सांभाळायचं तर भलीमोठी गुप्त किल्ली जपावी लागते, हरवली की खातं गेलं. विणकरानं ती कुठे ठेवायची? मग विद्याताईंनी स्मार्ट अकाउंट बांधली, म्हणजे ज्यांचे नियम त्यांच्या आतच लिहिलेले असतात अशी खाती. रोजची खटपट आमचा सर्व्हर करणार, व्यवहाराचा खर्चही तोच उचलणार, पण विणकराचा अंगठा त्याच्या स्वतःच्या फोनवर पडल्याशिवाय सही होणार नाही.

हे समजावून सांगायला त्या स्वतः रामनगरला जायच्या. मी सोबत असायचो. तिथले इस्माईलभाई आमचे पहिले विणकर. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. खड्ड्यातल्या मागावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बहनजी, हमारे नाम से कोई दूसरा तो कुछ नहीं लिख देगा?"

"आपके अंगूठे के बिना पत्ता नहीं हिलेगा," विद्याताई म्हणाल्या.

इस्माईलभाईंनी अंगठा लावला. त्यांच्याकडे बघून त्यांच्या मोहल्ल्यातल्या बाकीच्यांनीही लावला. परत येताना पुलावर ऑटो अडकला होता, धूळ उडत होती, आणि विद्याताई लग्न जमवून आल्यासारख्या खुशीत होत्या. "वानखेडे, वडिलांना आयुष्यभर वाटायचं, मुलगी काय ते मशीनचं फालतू काम करते. आज ते असायला हवे होते."

वर्षभर बरं चाललं. मग मालकांना घाई झाली. मोठ्या शहरातल्या दुकानांकडून मागणी वाढली होती, आणि विणकर वेळेवर अंगठा लावत नसत. कुणाचा फोन बंद, कुणाकडे वीज नाही, कुणी निकाहाला गेलेला. मालकांनी बैठक बोलावली. "दस्तख़त की चाबी पूरी सर्वर पर ले लीजिए. अंगूठे का झमेला ही खतम."

विद्याताई ताडकन उभ्या राहिल्या. "मग खातं त्यांचं आहे असं कशाला सांगायचं? दुकान आपलं आणि पाटी तेवढी त्यांची?" रागात त्या मराठीत बोलून गेल्या होत्या. मालकांना कळलं नाही, म्हणून हिंदीत पुन्हा सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, "मैं नहीं लिखूँगी."

मालक शांतपणे म्हणाले, "कोई बात नहीं."

त्याच सुमारास विद्याताईंची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. विद्याताई रजेवर गेल्या. त्या हॉस्पिटलात असताना दिल्लीहून एक जण बोलावला गेला आणि त्यानं काम उरकलं. नव्या खात्यांचं सोडाच, जुन्या खात्यांतूनही अंगठा काढून टाकला. तसं करणं शक्य झालं ते एका गोष्टीमुळे. खात्यांच्या नियमांत पुढे चूक सापडली तर ती सुधारता यावी म्हणून विद्याताईंनी एक अधिकार कंपनीच्या किल्लीकडे ठेवला होता. त्याला त्या दुरुस्तीचं दार म्हणायच्या. दिल्लीवाला त्याच दारानं आत शिरला.

रजेवरून आल्यावर त्यांनी ते पाहिलं. कुणी, कधी, कुठल्या किल्लीनं बदल केला, ते ओळ न् ओळ वाचून काढलं. मग मला म्हणाल्या, "दार मीच ठेवलं होतं हो. चांगल्यासाठी ठेवलं होतं." त्यांनी अंगठा परत आणायची लेखी मागणी केली. मालकांचं उत्तर आलं नाही. ज्या कामाला त्यांनी हात लावायचा, त्याचे अधिकार मात्र एकेक करून काढून घेतले गेले.

व्हायचं ते झालं. बेंगळुरूच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी घेतलेली साडी जाणकाराला दाखवली. निघाली यंत्रमागाची. चिठ्ठीवर नाव इस्माईलभाईंचं, गाव रामनगर. बाईंनी साडी हातात धरून व्हिडिओ केला आणि नाव घेऊन सांगितलं, हा माणूस ठग आहे. आम्ही खातं उघडून पाहिलं. इस्माईलभाईंना चार जन्म लागतील इतक्या साड्या अंगठ्याविना त्यांच्या नावावर विणून झाल्या होत्या.

विद्याताई दुसऱ्याच दिवशी रामनगरला गेल्या. मीही गेलो. माग बंद होता. व्यापाऱ्यांनी सूत पाठवणं थांबवलं होतं. विद्याताईंनी काही लपवलं नाही. किल्ली सर्व्हरवर कशी गेली, दार कुणी ठेवलं, सगळं सांगितलं. इस्माईलभाईंनी खाली मान घालून ऐकलं. शेवटी इतकंच म्हणाले, "आपने कहा था, पत्ता नहीं हिलेगा."

"हाँ. मैंने कहा था."

गावातल्या साडी-व्यापाऱ्यांच्या मंडळानं चौकशी लावली, तेव्हा त्या सह्या सर्व्हरनं केल्या, विणकरानं नाही, असं विद्याताईंनी लिहून दिलं. मीही खाली सही केली. कंपनीनं उत्तर दिलं की खातं इस्माईलभाईंचं, सही त्याच खात्याची, आणि तांत्रिकदृष्ट्या ती वैध आहे. शब्द न् शब्द खरा होता. मंडळातल्या एका वयस्क सभासदानं विद्याताईंनाच विचारलं, "बहनजी, दस्तख़त असली है या नकली?" त्या म्हणाल्या, "सही खरी आहे, माणूस..." आणि अडखळल्या. हिंदी शब्द सुचेना. जन्मभर ज्या भाषेत त्या भांडल्या, ती त्या दिवशी त्यांना सापडली नाही. चौकशी तिथेच गुंडाळली गेली.

आम्हा दोघांना काढलं. विद्याताईंना वकिलाची नोटीसही आली, कंपनीची गुपितं फोडली म्हणून. मला पुण्यात नोकरी मिळाली. आईला त्या अवस्थेत सोडून त्या कुठे जाणार होत्या? एका शाळेत मुलांना संगणक शिकवू लागल्या.

मी अधूनमधून काशीला जायचो. एकदा म्हणाल्या, "चला, रामनगरला जाऊन येऊ." त्या दर सणाला जात होत्या, हे मला तेव्हा कळलं. या वेळी दारात इस्माईलभाईंची बायको आली. तिनं पदर सावरला, आत या म्हटलं नाही. "बहनजी, अब मत आया कीजिए. आप आती हैं तो मोहल्लेवाले फिर वही बात छेड़ते हैं." विद्याताईंनी हातातली मिठाई पुढे केली. ती तिनं घेतली नाही. परतताना मी काहीतरी समजुतीचं बोलू लागलो. "अहो, गप बसा," त्या म्हणाल्या. "त्यांचं बरोबर आहे. खरं बोलायला जाऊन मीच त्यांची जखम ओली ठेवली. मला वाटायचं, खरं सांगितलं की आपलं काम संपतं. कुणाचं संपतं? माझं. त्यांचं नाही."

त्यानंतर त्या गेल्या नाहीत.

गेल्या थंडीत आधी आई गेली, आणि पाठोपाठ विद्याताई. ताप अंगावर काढला असं त्यांचा चुलतभाऊ म्हणाला. मी पोचलो तेव्हा दहावा चालू होता. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर भटजी, चुलतभाऊ, शाळेतल्या दोन शिक्षिका. वरच्या पायरीवर, सगळ्यांपासून लांब, इस्माईलभाई उभे होते. खूप वाळले होते. मी वर गेलो. मला वाटलं, ते माफ करायला आले असतील, निदान तसं काहीतरी बोलतील.

ते म्हणाले, "बहनजी झूठी नहीं थीं. हम जानते हैं." मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "भइया, अब तो हमारा नाम वहाँ से मिट जाएगा न?"

मला त्यांना सांगावं लागलं. लिहिलेलं खोडता येत नाही. फार तर त्याच खात्यातून खाली लिहिता आलं असतं की वरच्या नोंदी खोट्या आहेत. पण मध्यंतरी कंपनी बुडाली, सर्व्हर बंद झाला, त्यावरच्या सहीच्या आणि दुरुस्तीच्या दाराच्या किल्ल्याही गेल्या. आता त्या खात्यातून कुणीच सही करू शकत नाही. ते नाही, कंपनी नाही, कुणीच नाही.

"और खाता?"

"रहेगा. आपके नाम पर."

त्यांनी मान हलवली. खाली पिंड ठेवले जात होते, तिकडे क्षणभर पाहिलं, आणि गर्दीतून वाट काढत रामनगरला जाणाऱ्या होड्यांकडे निघून गेले.