होणाऱ्या सासऱ्यांना मी मरू देत नव्हतो

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. ही फजिती ऐकताना आजवर दोघांच्या नाकात चहा गेलाय, तिसऱ्याचं पाप मला नको.

तर मला एक वेड आहे. गोष्ट रचत रचत खेळायचा खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो: समोर गुहा आहे, आत राक्षस आहे. बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, जादूगार होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा पडला की वार बसला! गोष्ट सांगणारा मी. म्हणजे राक्षसही मी आणि पंचही मीच!

आणि माझी ख्याती काय? मारकुटा! ऑफिसातले चार नवखे एकदा हौसेनं गोत्रीला माझ्याकडे खेळायला आले. पहिल्याच दारामागे मी खड्डा ठेवला होता. चौघं आत. खेळ खलास! त्यांच्यासाठी आणलेली शेवउसळ अजून गरम होती हो! परत एकही फिरकला नाही.

हा इतिहास ऋताला ठाऊक होता. ऋता म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचं होतं ती. तिची आई राजी होती, घोडं अडलं होतं वडिलांपाशी. वडील म्हणजे दत्ताकाका, प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी क्रिकेटच्या सामन्यांत अंपायर. बोलणं कमी. बोट वर करायचं, विषय संपला.

"रविवारी ये आणि बाबांना तुझा खेळ शिकव," ऋता म्हणाली. "खेळकर माणसं आवडतात त्यांना. फक्त, बाबांना जरा सांभाळून घे हं."

सांभाळून घे! आता मारकुट्या माणसानं याचा अर्थ काय लावावा? मी लावला: आभाळ कोसळलं तरी काका मरता कामा नयेत.

रविवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरमध्ये बैठक बसली. काका योद्धा झाले, काकू चेटकीण, ऋता धनुर्धारी. शेजारच्या गुजराती भानुबेन लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, द्यायला म्हणून आल्या आणि वैद्य होऊन बसल्या. मी दोन फायली उभ्या करून आडोसा केला. राक्षसाचा फासा त्यामागे टाकायचा, म्हणजे आकडा फक्त मला दिसणार.

गुहेच्या तोंडाशीच काकांवर भाला सुटला. आडोशामागे पडले एकोणीस. म्हणजे छातीतून आरपार!

"पाच!" मी म्हणालो. "काका, कानाजवळून गेला."

"बची गया!" भानुबेननी टाळी वाजवली.

मग राक्षस आला. त्यानं काकांवर गदा उचलली की मी आकडा कमी करून सांगायचा. पण कुणालातरी लागायला नको का? मग ती गदा बसायची काकूंना, नाहीतर भानुबेनना.

"दर वेळी मलाच!" काकू वैतागल्या. "यांना साधा ओरखडा नाही. घरात हेच, आता गुहेतही हेच?"

"दीकरा, तुझा राक्षस बायकांनाच मारतो के?" भानुबेननी विचारलं.

काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मी ढाल खाली ठेवतो."

"काका, असू द्या ना ढाल!"

"ठेवली. शिरस्त्राणही काढलं."

फासा टाकला. सतरा! "दोन," मी म्हणालो. "राक्षसाचा पाय घसरला."

"बरं. आता मी त्याच्या तोंडात डोकं घालतो."

जगातला कुठला नियम या माणसाला वाचवणार होता?

"राक्षस... तोंड मिटून घेतो," मी म्हणालो. "त्याची आज एकादशी आहे."

"अगियारस तो काले गई! एकादशी कालच झाली!" भानुबेन ओरडल्या.

"मग... मग तो गदा मारतो!" म्हणत मी घाईघाईनं फासा टाकला आणि माझं कोपर फायलींना लागलं. आडोसा कोसळला. फासा गडगडत काकांसमोर जाऊन थांबला. वीस!

"चार," मी म्हणालो. सवयच लागली होती हो!

काकांनी चष्मा पुसला. फासा नीट पाहिला. मग सावकाश हात वर केला, बोट उभं केलं आणि स्वतःलाच आऊट दिलं.

"मी मेलो."

"नाही काका, तुम्ही जिवंत आहात!"

"वीस पडलेत. मी मेलोय."

"अहो, पोरगा म्हणतोय तर राहा ना जिवंत!" काकू म्हणाल्या.

"तुझ्या सख्ख्या भावाला मी शून्यावर पायचीत दिलाय. मग स्वतःला सोडू?"

"म्हणून तर तो भाऊबीजेला घरात येत नाही, फाटकातूनच ओवाळून घेतो!"

माझा तोल गेला. मी उभा राहून किंचाळलो, "काका, तुम्ही मेला नाहीत! मी तुम्हाला मरू देणार नाही!"

खिडक्या उघड्या होत्या. मिनिटभरात खालच्या मजल्यावरचे दोघं स्कूटरची किल्ली घेऊन धापा टाकत दारात. "काकाने दवाखाने लई जवाना छे?"

"नको," काका शांतपणे म्हणाले. "मी गेलोय."

ऋतानं कपाळावर हात मारला. "अरे, सांभाळून घे म्हणजे नियम सावकाश सांग! अमर कर कुठे म्हटलं होतं मी?"

स्कूटरवाल्यांना चेवडो देऊन वाटेला लावलं. मी फायली गोळा करू लागलो. संपलं म्हटलं सगळं. तर काका म्हणाले, "बस खाली. पुन्हा मांड डाव. आडोसा नको."

माझ्या खड्ड्याची गोष्ट ऋतानं त्यांना सांगितली होती बहुतेक. मला म्हणाले, "नवीन पोराला पहिल्याच चेंडूवर बाउन्सर टाकू नये. एक ट्रायल बॉल द्यावा. खेळपट्टी कशी आहे ते सांगावं. पण त्यानंतर आऊट तो आऊट. बराबर?"

"बराबर, काका."

दुसऱ्या डावात गुहेच्या दाराशी मी हाडं पसरली, आतून घोरणं ऐकवलं, पळून जायला मागची वाटही ठेवली. फासे उघड्यावर. काका त्या वाटेनं गेलेच नाहीत! बायकांना बाहेर काढलं आणि स्वतः दारात उभे राहून लढले. राक्षसाला अठरा पडले आणि काका मेले. खरे, नियमानं. मरताना इतका खूश माणूस मी पाहिला नव्हता. भानुबेनच्या डोळ्यांत पाणी!

निघताना काका दारापर्यंत आले. ऋताला म्हणाले, "मुलगा पसंत आहे मला."

मी हवेत! जिना उतरताना ऋताला म्हटलं, "बघितलंस? शेवटी प्रामाणिकपणा कामी आला."

"कसला प्रामाणिकपणा?" ती म्हणाली. "बाबा आत आईला काय सांगत होते ठाऊक आहे? म्हणे, पोरीची जन्माची काळजी मिटली. हा खोटं बोलला की कान लाल होतात आणि बाजूच्या क्वार्टरपर्यंत कळतं!"