मिक्सरमधली पुरणपोळी

सासूशी भांडून चंदनाक्कानं अन्न सोडलं, अशी शिवाजीनगरात आवई उठली. भांडण कसलं, तिनं वजनासाठी ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं होतं. ऑपरेशनआधीही खाणं पातळ, नंतरही पातळ, तेही घोटघोट. जास्त झालं की उलटी, टाक्यांना धोका. पण आजाऱ्याला रिकाम्या हातानं भेटायचं नाही, ही आपली रीत. टेबलावर डबे, पलंगाभोवती बायका. बिचारीला कूस बदलायलाही वाव नाही. थोरली जाऊ रत्नाबाई, तिनं तर पुरणपोळ्या दूध घालून मिक्सरमधून काढल्या.

"डॉक्टर पातळच म्हणाले ना? घे, माझी शपथ."

सगळ्यांचे डोळे चमच्यावर. नाही म्हटलं तर जन्माचा रुसवा. चंदनाक्कानं चमचा हळूच बाजूला सारला.

"जाऊबाई, तुमच्या मायेनंच मी ऑपरेशनपर्यंत पोचले. आता थोडं वैर धरा."