हलकी लिफ्ट
ग्रीसचा वास आला की नंदनवन वस्तीतल्या आमच्या इमारतीतली ती दुपार आठवते. डायलिसिस करून बाबांना घरी आणत होतो. घर पाचव्या मजल्यावर; लिफ्ट दुसरा मजला ओलांडत होती तोच वीज गेली. आम्ही मध्येच अडकलो; बाहेर काढलं असतं तरी पायऱ्या चढायचं त्राण दोघांतही नव्हतं. अर्ध्या तासाने गच्चीवरच्या खोलीतून मेकॅनिक ओरडला, "घाबरू नका काकाजी, ब्रेक सोडून राहिलो! दोराच्या दुसऱ्या टोकाले वजन आहे, ते तुमच्या दोघांसकट लिफ्टहून जड आहे. ते खाली येईन, लिफ्ट वर जाईन." माझा खांदा धरून बाबा म्हणाले, "बरं झालं गा, मी वाळलो ते कामी आलं." विजेशिवाय आम्ही हळूहळू पाचव्यावर पोहोचलो. आता त्या लिफ्टमध्ये मी एकटाच असतो. वीज गेली आणि ब्रेक सोडला, तर ती आणखी लवकर वर जाईल. पण वर पोहोचायची आता घाई कोणाला आहे?