सरांनी शब्द टाकला होता

भाईंदरला राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगला गच्ची होती, गच्चीवर टाकी होती, घरोघरी नळ होते, फक्त पाणी नव्हतं. गिरगावातली चाळ सोडून स्वतःचा ब्लॉक घेतल्याच्या आनंदात हे कोणी विचारलंच नव्हतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टँकर आला की आम्ही बायका हंडे घेऊन धावायचो, भांडायचो, आणि भांडता भांडता एकमेकींची घरं आतून-बाहेरून कळत गेली. त्यावर मी कादंबरी लिहिली. दुपारी, मुलगी शाळेत आणि नवरा ऑफिसात असताना, ओट्याशेजारच्या टेबलावर.

“टँकरवर कादंबरी? वाचणार कोण, टँकरवाला?” नवरा म्हणाला. त्याला मी तेव्हाच माफ केलं, कारण तो निदान तोंडावर बोलला.

तळमजल्यावर एक सर राहायचे. मराठीचे निवृत्त शिक्षक, मूळचे रत्नागिरीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तरुणपणी त्यांचा एक कथासंग्रह निघाला होता. हॉलमधल्या काचेच्या कपाटात तो देव्हाऱ्यातल्या देवासारखा एकटा असायचा. रविवारी सकाळी त्या हॉलमध्ये आम्ही वाचणारी काही मंडळी जमायचो. सर पोहे करायचे आणि कोणीतरी काहीतरी वाचून दाखवायचं. पाण्याची बोंब असलेल्या त्या गावात माझ्यासाठी तेवढाच ओलावा होता.

सरांनी माझी वही वाचली आणि स्वतः जिना चढून वर आले. “पोरी, तू लेखिका आहेस,” म्हणाले. हे मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्यासमोरच रडले. मग ते म्हणाले, “दादरचा तो प्रकाशक माझा जुना मित्र आहे. स्वच्छ अक्षरात एक प्रत काढून दे. मी शब्द टाकतो.”

आता या शब्द टाकण्याची एक रीत असते. वडीलधाऱ्या माणसाने तुमच्यासाठी कुठे शब्द टाकला की तुम्ही स्वतः तिकडे फिरकायचं नाही. नोकरी असो, स्थळ असो की शाळेतला प्रवेश. गेलात, तर तुमचा त्याच्यावर भरवसा नाही असा अर्थ होतो आणि त्याचा अपमान होतो. मी दादरला खरेदीला जायचे तेव्हा त्या प्रकाशकाची गल्लीसुद्धा टाळायचे.

निरोप मात्र येत राहिले, सरांच्या तोंडून. “प्रकाशक म्हणतात, सुरुवात रेंगाळते.” मी सुरुवात कापली. वर्षभराने, “प्रकाशक म्हणतात, दुसऱ्या भागात नायिका माहेरी निघून जाते ते पटत नाही. तिला इथेच राहू दे, त्या कोरड्या नळाशी.” मी दुसरा भाग पूर्ण नव्याने लिहिला. मग कागद महागले, मग मुंबईत दंगली झाल्या, मग प्रकाशकांची तब्येत बिघडली. दरवेळी सर सांगायचे आणि मी मान डोलवायचे. उत्तनला गेले की त्यांच्यासाठी सुके बोंबील आणि जवळा आणायचे, कारण कोकणातल्या माणसाला दुसरं काय देणार? “प्रकाशक आहे की मुलाकडची मंडळी? हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत,” नवरा चिडवायचा. मी त्याच्यावर खेकसायचे. पहिल्या पानावर मी केव्हाच लिहून ठेवलं होतं, पुस्तक सरांना अर्पण.

मग ठाण्यात पुस्तकांचं प्रदर्शन भरलं. घोडबंदरवरून जाणारी बस पकडून मी मुलीला घेऊन गेले. एका स्टॉलवर ते प्रकाशक स्वतः बसले होते, चांगले ठणठणीत. मी वाकून नमस्कार केला. एवढ्या वर्षांच्या मार्गदर्शनाबद्दल आभार मानले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“कोणती कादंबरी, बाई?”

मी सरांचं नाव घेतलं. त्यांचा चेहरा बदलला. “ते अजून भाईंदरलाच असतात का? त्यांची कादंबरी मी परत केली, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्याला जमाना झाला.” मग माझी अवस्था बघून हळू आवाजात म्हणाले, “तुमची घेऊन या. वाचतो.”

घरी आले ती सरळ तळमजल्यावर. सरांनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आधीच त्यांना कळलं. आत जाऊन त्यांनी माझं बाड आणलं. जुन्या धोतराच्या फडक्यात नीट बांधलेलं होतं. ते दादरला कधी गेलंच नव्हतं.

“आणि ते निरोप?” मी विचारलं.

“माझेच. पण खोटं काय होतं त्यात? सुधारली ना कादंबरी?”

“सर, मला सांगायचं होतंत.”

“एकदा शब्द टाकतो म्हटल्यावर मागे कसा येऊ, पोरी? आणि त्याच्या दारात मी कोणत्या तोंडाने जाऊ?”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सरळ नाही म्हणाले असते तर मी दुसरं दार ठोठावलं असतं. माझी उमेदीची वर्षं त्यांच्या धोतरात बांधून पडली होती आणि वर मी त्यांना बोंबील पुरवत होते!

प्रकाशकांनी कादंबरी घेतली. “दुसरा भाग फार चांगला उतरलाय,” म्हणाले. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला तिडीक आली. मुद्रितं तपासताना अर्पणाच्या ओळीवर मी काट मारली आणि ते पान कोरं राहू दिलं.

पुस्तक आलं त्या रविवारी माझा सत्कार ठरला. सरांच्याच हॉलमध्ये, कारण खरं काय ते मी नवऱ्याखेरीज कोणालाच सांगितलं नव्हतं. बिल्डिंग लोटली होती. सगळ्यांसमोर सर म्हणाले, “प्रकाशकाने फार छळलं हिला, पण मी शब्द टाकला होता. तो कसा मोडेल?” टाळ्या पडल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली सतरंजीकडे पाहत राहिले.

मग सरांनी विकत घेतलेली प्रत उघडली, कोरं पान काढलं आणि हसून माझ्यापुढे धरलं. “अर्पण छापायचं राहिलं वाटतं. हरकत नाही. इथे हातानेच लिही.”

सगळे बघत होते. मी पेन घेतलं आणि त्या पानावर, अगदी खाली कोपऱ्यात, नुसती सही केली.

सरांनी सही बघितली. शेजारच्या काकूंनी प्रत बघायला हात पुढे केला होता. सरांनी पुस्तक मिटून काखेत धरलं आणि म्हणाले, “चला, पोहे गार होतायत.”